माझा आवाज दबलाय म्हणे!

मित्रांनो, मी एक जुना रेकॉर्ड प्लेअर आहे, आणि आधीच सांगून टाकतो, मला एका जागी गप्प थांबायला अजिबात जमत नाही. तुम्हाला वर्गात हाताची घडी घालून बसवलं की जसं होतं, तसं माझी थाळी थांबली की मला होतं. म्हणून ही गोष्ट मी भराभर सांगणार आहे. कुठे अडखळलो तर सांभाळून घ्या.

माझा जन्म एका कारखान्यातला. लांबलचक टेबलाच्या एका टोकाला मी नुसती लाकडी पेटी होतो. दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत मला पोटात मोटर मिळाली, मोटरला रबरी पट्टा मिळाला, डोक्यावर गोल थाळी बसली आणि बाजूला सुईचा दांडा आला. शेवटच्या जागेवर एक बाई बसायची. दांडा तोलून पाहणं हे तिचं काम. तो जड झाला तर सुई रेकॉर्डला ओरखडते आणि हलका झाला तर उड्या मारते. दांड्यामागचं छोटंसं वजन ती केसभर पुढे करायची, केसभर मागे करायची आणि पुन्हा पाहायची. मी आतून नुसता चुळबुळत होतो. अहो बाई, झालं की! सोडा आता! पण तिने घाई केली नाही, आणि म्हणूनच मी आजवर एकाही रेकॉर्डवर ओरखडा काढलेला नाही. ही फुशारकी वाटली तर वाटू दे.

मला एका चष्मेवाल्याने विकत घेतलं. त्यांचं लग्न नवं होतं आणि दुकानही नवं होतं. पुढे दुकान, मध्ये एक जाड पडदा आणि पडद्यामागे खोली. त्या खोलीत भिंगं घासायचं चाक होतं. चाकावर चष्मेवाल्यांची बायको बसायची, जिला सगळे वहिनी म्हणत. दिवसभर ते चाक फिरायचं आणि मी त्याच्याकडे बघत जळफळत बसायचो. माझा दिवस रविवार. दुकान बंद असलं की खोलीतल्या खुर्च्या भिंतीला लागायच्या आणि माणसं यायची.

माणसं म्हणजे फार नाहीत. एक ड्रायव्हर. हा चष्मेवाल्यांचा शाळेतला मित्र, शहराची बस चालवायचा, आणि जॅझ म्हटलं की जीव टाकायचा. दुसऱ्या भूगोलाच्या बाई. त्या शाळेत नकाशे शिकवायच्या आणि नकाशावर जिथे जिथे बोट ठेवता येईल तिथलं संगीत शोधून आणायच्या. कधी खलाशांची गाणी, कधी नुसते ढोल, कधी चर्चमधला कोरस. चष्मेवाल्यांचा स्वतःचा ओढा व्हायोलिनकडे. चार वाजवणारे एकमेकांकडे बघत हळूहळू वाजवतायत, असलं काही लागलं की त्यांचे डोळे मिटायचे. मला मात्र असल्या वेळी झोप यायची. मला ड्रायव्हरचा जॅझ आवडायचा. धावपळीचा होता!

त्यांचा एक नियम होता. सुई एकदा टेकली की ती बाजू संपेपर्यंत कोणी बोलायचं नाही आणि कोणी उठायचं नाही. एकच गाणं ऐकून दुसरी रेकॉर्ड लावणं तर पापच. यात सगळ्यात कडक ड्रायव्हर.

"अल्बम म्हणजे बसचा रूट आहे," तो म्हणायचा. "आवडत्या स्टॉपवर चढलात आणि पुढच्याच स्टॉपवर उतरलात, तर शहर दिसणार कधी तुम्हाला?"

आणि मग सुई उचलली की काय तोंडं सुटायची! बाकीच्या जगाला ज्याचं काही सोयरसुतक नाही अशा गोष्टीवर ही मोठी माणसं तावातावाने भांडायची. सगळ्यात उदास गाणं शेवटी न ठेवता तिसरं का ठेवलं? बाई म्हणाल्या, शेवटी ठेवलं असतं तर ऐकणारा बाजू पालटायला उठलाच नसता. यावर चहा थंड होईपर्यंत चर्चा झाली. एकदा ड्रायव्हरने गिटारच्या दणदणाटाचा एक गाजलेला जुना अल्बम आणला. चष्मेवाल्यांनी तोंड वाकडं केलं. "ही कसली गाणी? स्वयंपाकघरात मांडणी कोसळल्यासारखं वाटतंय." पण तोच अल्बम पुढच्या आठवड्यात ते एकटेच लावून बसले होते, तेही दोनदा. मी कोणाला सांगितलं नाही. आज तुम्हाला सांगतोय.

ते माझे सुखाचे दिवस. "काय मशीन आहे!" असं म्हणत चष्मेवाले मला पुसायचे. चष्म्याच्या काचा पुसायच्या मऊ फडक्यानेच.

पुढे त्यांचे केस पांढरे झाले, आणि एका रविवारी सुई उचलताना ते म्हणाले, "सुई झिजलीय वाटतं. आवाज दबलाय."

झिजली असेल, म्हटलं. नवी सुई आली. पुढच्या रविवारी ते पुन्हा म्हणाले, आवाज दबलाय. मग माझा पट्टा बदलला. मग तारा बदलल्या. मग मला खिडकीजवळ ठेवलं, मग खिडकीपासून लांब ठेवलं, मग माझ्याखाली फरशीचा तुकडा सरकवला. मी जन्मभर हलायला आसुसलेला, पण असलं हलणं नको होतं मला! दुरुस्तीवाला आला. त्याने माझं पोट उघडलं, आत डोकावला आणि म्हणाला, "काका, हा ठणठणीत आहे. माझ्यापेक्षा ठणठणीत आहे." चष्मेवाल्यांनी त्याला काय समजतं असं म्हणून वाटेला लावलं आणि स्पीकर बदलले.

खरं सांगू? मला भीती वाटायला लागली. रोज कोणी तुम्हाला तुमचं चुकतंय असं सांगत राहिलं, तर तुम्हालाही तसंच वाटू लागेल. मी दर रविवारी जीव तोडून फिरायचो आणि शेवटी तेच ऐकायचो. कुठे बिघडलो होतो मी?

गंमत पाहा. पडद्यापलीकडे दुकानात रोज कोणीतरी आजोबा म्हणायचे, "हल्ली पेपरवाले अक्षरं फार बारीक छापतात हो." चष्मेवाले त्यांना हसून सांगायचे, "पेपर तोच आहे, आजोबा. डोळे बदलले." संध्याकाळी ते वहिनींना त्या आजोबांची नक्कल करून दाखवायचे आणि पोट धरून हसायचे. हसून झालं की माझ्याकडे वळायचे आणि माझा पट्टा तपासायचे.

मग तो घंट्यांचा अल्बम आला. ड्रायव्हर तो वर्षानुवर्षं शोधत होता. बंद होणाऱ्या एका दुकानात, ओल लागलेल्या गठ्ठ्यात त्याला तो सापडला. मोठा वाद्यवृंद, डझनभर तुतारीवाले. दुसऱ्या तुकड्यात सगळ्या तुताऱ्या हळूहळू खाली उतरतात, आणि त्या शांततेत कोणीतरी अगदी लहान लहान घंट्या वाजवतो. माझी सुई त्या जागेवरून जाताना मलाही गुदगुल्या झाल्या. ड्रायव्हरने रुमाल काढला.

बाजू संपली. बाई म्हणाल्या, "त्या घंट्या! एवढ्या सगळ्या तुताऱ्या गप्प करून त्या आणल्यात, काय धीर म्हणायचा."

"कुठल्या घंट्या?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

दोघं हसले. त्यांना थट्टा वाटली. चष्मेवाले हसले नाहीत.

"घंट्याबिंट्या काही नाहीत," ते म्हणाले. "कव्हरवर छापलंय, म्हणून तुम्हाला ऐकू येतात. बाईंचं सोडा. तू तर कायमच कव्हर वाचून ऐकत आलायस."

ड्रायव्हरचा चेहरा उतरला. "मी? मी कव्हर वाचून ऐकतो?"

"नाहीतर काय! पुढच्या रविवारी बघूच."

अपमान मोठा होता. तरी ड्रायव्हर पुढच्या रविवारी आला, कारण न येणं म्हणजे हार मानणं. चष्मेवाल्यांनी जय्यत तयारी केली होती. तीन रेकॉर्ड कव्हरांतून काढून उशीच्या अभ्र्यांत घातल्या होत्या. त्या वहिनींनी हव्या त्या क्रमाने लावायच्या. बाकी तिघांनी डोळे मिटून बसायचं आणि घंट्या वाजल्या की हात वर करायचा. वहिनी आजवर या बैठकीत कधी बसल्या नव्हत्या. "एवढं तास तास गप्प बसायचं आणि मग त्याच्यावर भांडायचं, मला नाही झेपत," असं त्या म्हणायच्या. त्या दिवशी मात्र त्या माझ्याशेजारी उभ्या होत्या. त्या खोलीत डोळे उघडे असलेले आम्ही दोघंच, असं मला तेव्हा वाटलं.

पहिली रेकॉर्ड व्हायोलिनची. कोणाचा हात हलला नाही. दुसऱ्यांदा वहिनींनी तो तुताऱ्यांचा अल्बम लावला. तुताऱ्या खाली उतरल्या आणि घंट्या आल्या. बाईंचा हात वर गेला. ड्रायव्हरचा हात वर गेला. चष्मेवाल्यांचे दोन्ही हात मांडीवर तसेच होते. घंट्या संपल्या, हात खाली आले, तुताऱ्या परत गरजू लागल्या, आणि मग चष्मेवाल्यांनी हात वर केला.

मित्रांनो, मला थांबायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला फिरणं नकोसं झालं. त्यांना काही ऐकू आलं नव्हतं. त्यांनी अंदाजाने हात वर केला होता. म्हणजे त्यांना मनातून कळलेलं होतं, आणि ते घाबरले होते.

रेकॉर्ड संपल्या. डोळे उघडून चष्मेवाल्यांनी घाईघाईने विचारलं, "काय? कोणाचं बरोबर?"

वहिनींनी अभ्र्यांच्या घड्या घातल्या. "सगळ्यांचं बरोबर," त्या म्हणाल्या. "चहा टाकते."

दोघं गेल्यावर त्या परत आल्या आणि भिंगांच्या चाकाजवळच्या स्टुलावर बसल्या.

"अहो, मशीन चांगलं आहे."

"मग आवाज का दबलाय?"

"तुम्ही दुकानात त्या आजोबांना काय सांगता?"

चष्मेवाल्यांनी हातातलं फडकं बाजूला टाकलं. मग उठले, माझी तार भिंतीतून उपटली आणि म्हणाले, "हा डबा मला इथे नकोय. भंगारवाल्याला बोलाव. आणि रविवारचं त्या दोघांना सांग, बंद म्हणून."

मग काय, मी फ्रेमच्या खोक्यांमागे कोपऱ्यात. माझ्या थाळीवर धूळ, धुळीवर जुने कॅटलॉग. चाक फिरत होतं, पंखा फिरत होता, मी सोडून खोलीत सगळं फिरत होतं. रविवार यायचा आणि जायचा. चष्मेवाले खुर्चीत बसून पेपर वाचायचे, तेच पान पुन्हा पुन्हा. मित्रांनो, मला माझी काळजी नव्हती असं मी म्हणणार नाही. होती, भरपूर होती. पण त्यांचं ते बसणं माझ्यापेक्षा वाईट होतं. भंगारवाला आला तेव्हा ते बाहेर गेले होते. त्याने मला उलटा करून पाहिलं, तेव्हा माझं काळीज मोटरीच्या जागी होतं ते पट्ट्यात आलं. वहिनी म्हणाल्या, "तो नाही द्यायचा. तो मोडका पंखा न्या," आणि मला परत सुलटा केलं.

पण घरात ठेवलं म्हणजे वाजवलं असं होत नाही. गाठ सुटली ती दुकानात, पडद्यापलीकडे. एका दुपारी दार वाजलं आणि ड्रायव्हरचा आवाज आला.

"चष्मा करायचाय. समोरच्या बसचा नंबर दिसेनासा झालाय."

"बस," चष्मेवाले म्हणाले. एवढंच. जन्माचे मित्र, पण आवाज असा की जणू पहिल्यांदा आलेलं गिऱ्हाईक. अक्षरांच्या पाटीवरचा दिवा लागल्याचा आवाज झाला. ड्रायव्हर अक्षरं वाचू लागला. मोठी वाचली, मधली वाचली.

"खालची ओळ?"

"नाही दिसत."

"नीट बघ."

"नीटच बघतोय. नाही दिसत."

"अंदाजाने सांग."

"अंदाजाने कशाला सांगू?" ड्रायव्हर म्हणाला. "माझ्या मागे चाळीस माणसं बसलेली असतात. नाही दिसत तर नाही दिसत. तुला सांगायला कसली लाज?"

पलीकडे पाटीवरचा दिवा विझल्याचा आवाज झाला. मी धुळीखाली तडफडत होतो. बोला ना कोणीतरी!

"त्या दिवशी मी हात अंदाजाने वर केला होता," चष्मेवाले म्हणाले.

"माहीत आहे."

"तुला कसं माहीत? तुझे डोळे मिटलेले होते ना?"

"एक किलकिला ठेवला होता. तू मला कव्हर वाचून ऐकणारा म्हणालास, मग मी काय भोळेपणाने बसणार होतो?"

"मग तेव्हाच बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबलो," ड्रायव्हर म्हणाला. "बरेच रविवार थांबलो. आता माझा चष्मा कर आणि मग तू चल. कानाचा डॉक्टर आमच्या डेपोसमोरच बसतो. मी सोडतो."

चष्मेवाल्यांचं उत्तर मला ऐकू आलं नाही. पण दुकानाचं दार लागलं, आणि भर दुपारी, भर गिऱ्हाइकीच्या वेळी, ते कुलूप लागल्याचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

कानातलं यंत्र आलं म्हणजे सगळं जादूने ठीक झालं, असं मी तुम्हाला सांगणार नाही. पहिल्या रविवारी मला पुसलं, तार जोडली, बाईंनी डोंगराळ मुलुखातल्या बायकांच्या कोरसचा एक जुना, नावाजलेला अल्बम आणला होता. सुई टेकली आणि चष्मेवाल्यांनी दोन्ही हात कानांशी नेले. "पत्र्यावर वाटाणे ओततायत नुसते!" त्यांनी यंत्र काढलं. आता खालचा आवाज होता, वरचा नव्हता. त्यांनी यंत्र पुन्हा घातलं, पुन्हा काढलं. मी फिरता फिरता त्यांच्याकडे बघत होतो. आता उठतील, मला वाटलं. आता परत ती तार उपटतील.

ते उठले नाहीत. रेकॉर्ड चालू असताना, बाजू अर्धीसुद्धा झालेली नसताना, त्यांनी ड्रायव्हरच्या बाहीला धरलं आणि मोठ्याने विचारलं, "मला वरचं ऐकू येत नाहीये. आत्ता काय चाललंय, सांग."

बाईंनी श्वास रोखला. ड्रायव्हरच्या देखत रेकॉर्डवर बोलणं! आणि तो ड्रायव्हर, शिंक आली तरी दाबून धरणारा, त्यांच्या कानाशी वाकला. "एक बारीक आवाजाची आहे, ती बाकीच्यांच्या वर चढलीय. एकटीच. बाकीच्या खालीच थांबल्यात. आता ती वरून घसरत येतेय. आली. मिळाली त्यांच्यात."

"त्या खालच्या मला ऐकू येतायत," चष्मेवाले म्हणाले. "त्या वाट बघतायत तिची."

"वाट नाही बघत, धाकात ठेवतायत."

"धाक कसला? तुला काय कळतं बायकांच्या आवाजातलं!"

"मला कळत नाही? आत्ता मीच सांगितलं ना तुला?"

"आवाज तू सांगितलास, अर्थ नव्हे!"

बाई मध्ये पडल्या, तर दोघं मिळून बाईंवरच घसरले. वहिनी दारात उभ्या राहिल्या, मग खुर्ची ओढून बसल्या, आणि थोड्या वेळाने त्याही भांडणात उतरल्या. बाजू कधी संपली ते कोणाला कळलंच नाही. माझी सुई शेवटच्या कोऱ्या खाचेत जाऊन फिरत राहिली, खर्र, खर्र, खर्र.

मित्रांनो, माझी तुमच्याकडे मागणी आहे. सुई वेळेवर उचला, रेकॉर्ड कडेने धरा, आम्हाला धुळीत टाकू नका, हे तर आहेच. पण घरातलं कोणी पुन्हा पुन्हा म्हणू लागलं की आवाज दबलाय, तर हसू नका आणि चिडूही नका. त्याच्या बाहीजवळ जाऊन बसा आणि काय वाजतंय ते सांगा. त्या माणसाला फार भीती वाटत असते. मी जवळून पाहिली आहे.

ते चौघं अजून भांडतायत. सुई अजून तशीच आहे आणि ती उचलायला कोणी उठत नाही. राहू दे. आज मला कसली घाई नाही.